खंडेनवमीची रायफल

कॉव्हेंट्रीच्या डॉक्टर शशिकांत लिमये यांच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी हातात शस्त्र धरलं नव्हतं. विळी धरली होती, तीही नारळ खवायला, आणि तेव्हासुद्धा बोट कापून घेतलं होतं. अशा घरातल्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी रायफल विकत आणावी, याला वेड तरी म्हणायचं किंवा सासरा तरी. शशिकांतच्या बाबतीत सासरा होता.

सुभेदार गणपतराव निकम, मराठा लाइट इन्फंट्री, निवृत्त, मुक्काम सातारा. इटलीत लढून आलेला माणूस. धाकट्या लेकीनं, वैजयंतीनं, पुण्याच्या लिमयांचा मुलगा पसंत केला तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. लग्नाच्या दिवशी जावयाच्या दंडावर हात ठेवला, आत काही आहे का ते चाचपलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सांभाळा." तेव्हापासून वीस वर्षं ते 'डॉक्टरसाहेब'च म्हणत होते.

यात वाईट काय, असं एखाद्याला वाटेल. पण थोरला जावई, सुमनताईचा नवरा, इंटरला तीनदा गटांगळ्या खाऊन साखर कारखान्यात चिकटलेला, बोलताना तंबाखूचे शिंतोडे उडवणारा, तो मात्र 'श्रीकांतराव'! "श्रीकांतराव, बसा. श्रीकांतराव, काय म्हणतोय ऊस?" आणि इकडे एफआरसीएस झालेल्या माणसाला, दवाखान्यात केसपेपर काढायला आल्यासारखं, 'डॉक्टरसाहेब'. शशिकांत हे कुणाजवळ बोलला नव्हता. फक्त वैजयंतीजवळ, आणि तेही दर दोन महिन्यांनी. "शशी, तू किती लहान मुलासारखा रे," असं म्हणून ती भाजीकडे वळायची. शशिकांतही त्यांना कधी बाबा म्हणाला नव्हता. तोही 'सुभेदारसाहेब'च म्हणायचा. म्हणजे फिटंफाट होती, पण समाधान नव्हतं.

१९९३ साली सुभेदारसाहेबांचं पहिल्यांदाच इंग्लंडला यायचं ठरलं. दसरा इथेच होणार होता. आणि त्याच उन्हाळ्यात लेमिंग्टनला एका हॉलमध्ये जुन्या लष्करी सामानाचा बाजार भरला असताना, पावसातून आडोसा शोधत शशिकांत आत शिरला आणि त्याला ती दिसली.

दिसायला भयंकर होती. लाकूड काळंकुट्ट, ठिकठिकाणी खरवडलेलं. पुढच्या भागावर तांब्याची तार करकचून गुंडाळलेली, मोडलेल्या हाताला बँडेज बांधावं तशी. लाकडातून आरपार एक ओबडधोबड स्क्रू. पितळी बूड हिरवं पडलेलं. पण लोखंडावर शिक्का होता: ईशापूर. बंगालातल्या कारखान्यात बनलेली, हिंदी पलटणींची रायफल. नळी कापून आणि खिट्टी निकामी करून, आता उंदीरसुद्धा मरणार नाही अशी केलेली, म्हणून लायसन्सची गरज नाही. फक्त तसं सर्टिफिकेट. शशिकांतच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: सुभेदारसाहेब सोफ्यावर बसलेत, मांडीवर रायफल आहे, डोळ्यांत पाणी आहे, आणि ते म्हणताहेत, "वा, शशिकांतराव!" त्यानं चेकबुक काढलं.

रायफल घरी आणणं हा एक स्वतंत्र अध्याय आहे. ती डिकीत मावेना. मागच्या सीटवर तिरपी ठेवली, गाडीतल्या चादरीत गुंडाळली, तर चादरीतून जे टोक बाहेर आलं ते नेमकं नको ते टोक होतं. आयर्लंडवाल्यांच्या बाँबच्या भीतीनं सगळा देश डोळ्यांत तेल घालून बसलेला, आणि पेट्रोल भरणाऱ्या बाईनं काचेतून आत पाहिलं. पुढच्या चौकात पोलिसांची गाडी आडवी आली. शशिकांतनं अत्यंत सभ्यपणे दोन्ही हात वर केले आणि वर केलेल्या हातांनीच सांगितलं की आपण कन्सल्टंट आहोत आणि आपल्याजवळ सर्टिफिकेट आहे. ते त्यानं खिशातून काढून दिलंसुद्धा. कॉन्स्टेबलनं ते नीट वाचलं. त्यावर लिहिलं होतं की शिल्पा लिमये ही पियानोच्या तिसऱ्या परीक्षेत मेरिटसह उत्तीर्ण झाली आहे. खरं सर्टिफिकेट रायफलच्या गळ्यातच बांधलेलं होतं, पण ते उलगडेपर्यंत शशिकांतला त्याच्या दोन पेशंटनी फुटपाथवरून हात हलवला होता.

एवढं झाल्यावर वस्तू घरात आली आणि सल्ले सुरू झाले.

शेजारचा रॉन हा मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याच्या मते जगातली कुठलीही अडचण सँडपेपरनं सुटते. "डॉक, गिव्ह मी वन वीकेंड," असं तो कुंपणावरून रोज म्हणे. गावातल्या मराठी मंडळाचा खजिनदार गिरीश देवधर याला कळायचा अवकाश, तो मोजपट्टी घेऊन आला. "शशी, माझं ऐक. क्रोम कर. दसऱ्याला स्टेजवर मागे भगवा पडदा, पुढे ही, खाली लाइट. एडिनबरापासून लोक येतील." तार पाहून म्हणाला, "हे आधी काढ. भंगारवाल्याकडची वाटते." वैजयंतीनं दुरूनच पाहिलं आणि विचारलं, "ही घरात ठेवायची? सोफ्याच्या वर?" तेव्हा चौदा वर्षांच्या शिल्पानं मुद्द्याला हात घातला. "पण बाबा, हा रायफल आजोबाचा नाही ना? मग आजोबा का रडेल?" मुलांना इथे मराठीचं व्याकरण येत नाही, पण प्रश्न बरोबर येतात.

शशिकांत मात्र शास्त्रीय वृत्तीचा माणूस. निदान झाल्याशिवाय ऑपरेशन नाही. त्यानं बाजारात भेटलेल्या ट्रेव्हर नावाच्या तज्ज्ञाला घरी बोलावलं. ट्रेव्हरनं दाढी आवरली, डोळ्याला भिंग लावलं आणि दोन तास रायफलशी कुजबुजत बसला. खिट्टीवरचा नंबर नळीवरच्या नंबराशी जुळतो, नळीच्या टोकावरच्या टोपणाचाही जुळतो, मागचं लाकूड नंतर बदललंय पण तेही ईशापूरचंच. मग त्यानं तारेवरून असा हात फिरवला की शशिकांतनं भिडेखातर नजर वळवली. ही तार भंगारवाल्याची नव्हे. हा स्क्रूही कुणा अडाण्याचा नव्हे. दोन्ही लष्करानंच लावलेले, अस्सल. लाकूड फाटू नये म्हणून. या काळ्या थरात पन्नास वर्षांचं तेल आणि घाम आहे. हे घालवलं तर काय उरेल? ओंडका. "डोन्ट टच इट, डॉक्टर. डोन्ट इव्हन डस्ट इट."

शशिकांतला साक्षात्कार झाला. त्या दिवसापासून तो घरात 'ओरिजिनल' हा शब्द लोक देवाचं नाव घेतात तसा घेऊ लागला. वैजयंतीनं पितळी बुडाला चिंच लावायला काढली तर तो किंचाळला. रॉनला कुंपणावरूनच जुन्या वस्तूंच्या शुचितेवर व्याख्यान ऐकवलं. गिरीशशी तर बोलणंच कमी केलं. रायफल सोफ्याच्या वर भिंतीला टांगली गेली, जशीच्या तशी, जळमटांसकट. ती उतरवायची नाही, तिला हात लावायचा नाही. ज्यानं जन्मात बंदूक पाहिली नव्हती, तो महिन्याभरात बंदुकीचा भटजी झाला.

ऑक्टोबरात सुभेदारसाहेब आले. त्र्याहत्तराव्या वर्षीही काठीसारखे सरळ. चहा झाला, आणि शशिकांतनं भिंतीकडे बोट केलं.

म्हातारा उठला. रायफलीसमोर उभा राहिला. मग एक बोट पितळावरून फिरवलं, ते उजेडात धरून पाहिलं, खिशातून रुमाल काढून पुसलं आणि रुमालाची काळी बाजू आत घालून घडी केली.

"रायफल अशी ठेवत्यात व्हय?" त्यांनी विचारलं. शशिकांतला नव्हे, वैजयंतीला.

शशिकांतनं लगेच व्याख्यान सुरू केलं. जुळणारे नंबर, अस्सल तार, स्क्रू, पन्नास वर्षांचा थर. नवीन भरती झालेल्या लेफ्टनंटचं भाषण जुना सुभेदार जसं ऐकतो तसं त्यांनी ते ऐकलं, म्हणजे समोर बघत. शेवटी म्हणाले, "बरं, डॉक्टरसाहेब." आणि आंघोळीला गेले. झालं. शशिकांतला वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल. आलं ते त्याच्याच, आणि ते लपवायला त्याला स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरावा लागला.

पुढचे दिवस सरळ गेले. सुभेदारसाहेब सकाळी फिरायला जात, येताना कुणाचं तरी हिरवं गवत तुडवल्याबद्दल माफी मागून येत, दुपारी टीव्हीवर स्नूकर बघत. सोफ्यावर मात्र बसत नसत. समोरच्या खुर्चीत बसत, जिथून रायफल सतत दिसे, आणि मधूनच एक सुस्कारा सोडत.

शनिवारी खंडेनवमी होती. शशिकांतची सकाळची ड्यूटी होती. वैजयंतीनं पाट मांडला. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची. शस्त्रं नसलेल्या घरात असतील ती हत्यारं. पाटावर सुरी आली, कात्री आली, शिल्पाच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड आला, डॉक्टरांचं कान तपासायचं यंत्र आलं. वैजयंती हौसेनं म्हणाली, "बाबा, यंदा खरं शस्त्र आहे आपल्याकडं. ती काढून देता का?"

म्हाताऱ्यानं रायफल उतरवली. पाटाजवळ नेली. आणि तिथेच थांबला.

"अशी? घाणेरडी पाटावर ठिऊ? बाळ, खंडेनवमीला हत्यार असं ठेवलं असतं तर आमच्या सुभेदारानं आम्हाला आठवडाभर पळवलं असतं." आणि बाही वर सरकवत ते मागच्या बागेत गेले.

यानंतर काय घडलं ते शशिकांतनं पाहिलं नाही. शिल्पानं पाहिलं. ती तीन वाक्यांपेक्षा जास्त मराठी कधी बोलत नसे, पण तो दिवस सांगताना पुढे कित्येक वर्षं तिचं मराठी धावायचं, लिंग-वचनाची पर्वा न करता. आजोबानं बागेत चटई टाकली. सगळा रायफल डोळे मिटून खोलला. स्क्रू ओळीत लावले. पाणी उकळलं. रॉन कुंपणावरून बघत होता, मग कुंपण ओलांडून आला, सँडपेपर घेऊन. एकाला इंग्रजीतले चाळीस शब्द येत, दुसऱ्याला मराठीतला एकही नाही, पण दोघं सकाळभर बोलत होते. रॉनचा थोरला भाऊ इटलीत गेला होता, परत आला नव्हता. आजोबानं गवतावर काडीनं नदी काढली, पूल काढला, रॉननं मान डोलावली. आजोबानं सांगितलं की तारवाल्या रायफलीतून बाँब फेकायचे. म्हणून ती ज्याच्याकडं असायची त्याच्या शेजारी कुणी झोपायचं नाही. "आणि आजोबाकडे तीच होती, बाबा! तो हसत होता. मी आजोबाला असा हसताना कधी बघितलाच नाही."

तार त्यांनी हलक्या हातानं उलगडून, पुसून, वेटोळं करून बाजूला ठेवली होती. लाकूड वाळलं की परत गुंडाळायची होती. अजयच्या बॅटचं अळशीचं तेल वैजयंतीनं माळ्यावरून काढून दिलं (अजय थोरला, केंब्रिजला शिकायला, त्यानं क्रिकेट सोडलं होतं, तेल राहिलं होतं). ते पुरेना, तेव्हा रॉननं शेडमधून बोटीला लावायच्या व्हार्निशचा डबा आणला. सुभेदारसाहेबांनी वास घेतला, नाक मुरडलं, पण मित्राचं मन मोडवेना, म्हणून लावलं.

दुपारी शशिकांतची गाडी आली. म्हाताऱ्यानं दाराचा आवाज ऐकला. शेवटचा हात मारून झाला होता. रायफल दोन्ही हातांवर अलगद तोलून ते उभे राहिले, उन्हात नारळाच्या करवंटीसारखी तांबूस चमकणारी, पितळाला सोन्याची झळाळी आलेली, आणि त्यांनी बागेतून मोठ्यानं हाक मारली:

"शशिकांतराव! या हिकडं. बघा तरी!"

शशिकांत बागेच्या दारात आला. त्याला खरवडून काढलेलं लाकूड दिसलं. तारेचं वेटोळं दिसलं. गवतावर सांडलेला काळा भुसा, पन्नास वर्षांचं तेल आणि घाम, दिसला. दिसलं सगळं.

"अहो, हे काय केलंत!" तो ओरडला. "सत्यानाश केलात! हात लावायला कुणी सांगितलं होतं? तुम्हाला रायफलीतलं काय कळतं?"

रॉनला शब्द कळले नाहीत, पण त्यानं डब्याचं झाकण हळूच बंद केलं. म्हाताऱ्याची बोटं रायफलीवर एकदा घट्ट आवळली गेली, आणि सैल झाली. त्यांनी ती चटईवर ठेवली. ताठ उभे राहिले. वरिष्ठासमोर राहतात तसे.

"चुकलं, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. आणि हात धुवायला आत गेले.

त्या वर्षी पाटावर सुरी, कात्री आणि कीबोर्ड यांचीच पूजा झाली. दसऱ्याचं सोनं शशिकांतनं सासऱ्यांच्या हातावर ठेवलं, त्यांनी आशीर्वाद दिला, श्रीखंड झालं. भांडण असं काही झालंच नाही, तेव्हा मिटवायचं काय हा प्रश्न होता. राग असता तर परवडला असता; राग निघतो. सुभेदारसाहेब खुर्चीवरून उठून सोफ्यावर, रायफलीच्या बरोबर खाली, पाठ करून बसू लागले. तार कुणीच गुंडाळली नाही. ती परत कशी गुंडाळायची ते घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याला सांगायची कुणाची छाती नव्हती. वैजयंतीनं ते वेटोळं स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, रबरबँडांच्या शेजारी ठेवून दिलं.

हीथ्रोला निरोप देताना शशिकांतनं सगळं बळ एकवटलं. "सुभेदारसाहेब, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका."

"छे छे. नाही घेतलं, डॉक्टरसाहेब."

परतताना गाडीत बराच वेळ वैजयंती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुला ऐकू आलं होतं ना रे, शशी?"

"काय?"

"बाबांनी बागेतून हाक मारली ती. शशिकांतराव म्हणाले तुला. मी आत पुरणाजवळ होते, तिथवर ऐकू आलं. रॉनच्या बायकोला ऐकू गेलं." ती वळून त्याच्याकडे बघू लागली. "तुला नाही आलं?"

दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासणाऱ्या त्या माणसानं गाडी पुढच्या सर्व्हिस स्टेशनला घेतली, थांबवली, आणि तिथल्या अत्यंत वाईट कॉफीसाठी अर्धा तास रांगेत उभा राहिला. रांगेत त्याच्यापुढे एकच बाई होती. ती गेल्यावरही तो उभाच होता.

पुढे अडीच वर्षं, दर रविवारी सातारच्या फोनवर, वैजयंतीचं बोलणं संपत आलं की तो रिसीव्हरशेजारी कान नेऊन सासऱ्यांचा आवाज ऐकायचा. "डॉक्टरसाहेब बरे आहेत ना? असू दे, असू दे, त्यांना बोलवू नको, कामात असतील." शहाण्णवच्या मे महिन्यात सुभेदारसाहेब गेले. शशिकांत साताऱ्याला गेला. श्रीकांतराव त्याच्या गळ्यात पडून रडले, तंबाखूच्या वासासकट, आणि शशिकांतला पहिल्यांदाच त्या माणसाचा हेवा न वाटता कीव आली, स्वतःची.

त्याच सप्टेंबरात ट्रेव्हर काही कामानं कॉव्हेंट्रीत आला होता, म्हणून डोकावला. भिंतीवर नजर जाताच त्यानं दाढीत हात घातला आणि एखाद्याच्या घरी मयत झालं असावं तसा हळू बोलू लागला. कुणी केलं हे? मग भिंग काढून जवळ गेला. अगदीच हाताबाहेर गेलेलं नाही, म्हणाला. व्हार्निश उतरवता येईल. ईशापूरचं जुनं लाकूड त्याच्या ओळखीत मिळेल, तार आहेच म्हणता तर तो स्वतः गुंडाळून देईल. पुन्हा ओरिजिनल करता येईल. "अँड धिस मार्क हिअर," त्यानं बोट ठेवलं, "विल कम राइट ऑफ."

शशिकांतनं चष्मा वर केला आणि वाकून पाहिलं. तीन वर्षं रायफल भिंतीवर होती आणि तिच्याकडे बघणं त्यानं टाळलं होतं. मुठीच्या जागेच्या जरा पुढे, व्हार्निशमध्ये, एक ठसा उमटून कायमचा वाळला होता. अंगठ्याचा. एका बाजूला जरा जास्त खोल गेलेला, घट्ट आवळल्यासारखा. व्हार्निश तेव्हा ओलं होतं.

"नो," शशिकांत म्हणाला. "लीव्ह इट."

ट्रेव्हरनं पुष्कळ समजावलं. हा भाग नंतरचा आहे, मूळचा नाही, यानं वस्तूची किंमत शून्य होते. शशिकांतनं सगळं ऐकलं, त्याला चहा दिला, चकली दिली आणि दारापर्यंत पोहोचवलं.

खंडेनवमीला वैजयंतीनं पाट मांडला. ती झेंडूची फुलं आणायला गेली होती. शशिकांतनं रायफल उतरवली, मांडीवर घेतली आणि मऊ फडक्यानं पुसायला बसला. पितळाला चिंच लावली, नळी पुसली, लाकडावरून तेलाचा हात फिरवला. त्याला काही जमत नव्हतं, बोटही जरा कापलं. त्या ठशापाशी आला तेव्हा फडकं थांबलं. तेवढी जागा सोडून त्यानं बाकीचं लख्ख केलं. मग घरात कुणी नाही याची खात्री करून घेतली, खाली वाकला, आणि तीन वर्षांपूर्वीच्या हाकेला ओ दिली.

"आलो, बाबा."